साडूचा कॅबरे

सगळ्या मराठवाड्यात कॅबरे म्हणजे काय हे बराबर माहीत असलेला माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे ऐकून ज्याला डोळा मारावासा वाटेल त्यानं खुशाल मारावा. आमच्या गावात सगळ्यांनी मारला होता, आणि मग त्यांचं काय झालं ते मी सांगणारच आहे. मी शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. बर्लिन कुठं आणि पॅरिस कुठं हे मला नकाशावर दाखवता येणार नाही. पण तिकडच्या तळघरात संध्याकाळी टेबलं कशी मांडायचे, तोंडाला पांढरा रंग फासलेला माणूस पडद्याआडून कसा यायचा आणि आल्या आल्या समोर बसलेल्याची फजिती कशी करायचा, हे मला साडूमुळं पाठ आहे. मी कधी म्हणलं नव्हतं मला सांग म्हणून. तरी पाठ आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आखाडा बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव, दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, त्यामुळं आम्हा दोघांना एकमेकांपासून सुटका कधी मिळालीच नाही. माझी बायको गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. ती गेल्यावर गावातली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली, जसं आजारी माणसाशी बोलतात तसं. चहाच्या टपरीवर मी गेलो की हसणं बंद. साडूला मी एकदा सरळ विचारलं, "ती गेली. आता मी तुझा साडू हाय का न्हाई?" तो क्लॅरनेटची पिपाणी जिभेवर भिजवत होता. ती तोंडातून काढली आणि म्हणाला, "बायकांनी बांधलेलं सुटतंय व्हय, साडभाऊ? आन् सुटलं तरी मला दुसरं कोण ऐकून घेणार हाय?" हे मात्र खरं होतं. त्याचं कॅबरेचं पुराण ऐकून घेणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. डीजे आले, बँड बसला, पण क्लॅरनेट त्यानं विकली नाही. बँड चालू होता तेव्हाची गोष्ट. औंढ्याला एका लग्नाला गेले होते. नवरदेव यायला उशीर, म्हणून हे लोक देवळाच्या रस्त्याला चहा पीत बसलेले. तिथं देवळावरची नक्षी बघायला एक गोरा म्हातारा आणि त्याची बायको आली होती, सोबत हिंदी बोलणारा गाइड. म्हाताऱ्याची नजर क्लॅरनेटवर पडली. त्यानं हात जोडून ती मागितली, रुमालानं पुसली आणि एक चाल वाजवली. साडू सांगतो, ती चाल हसत हसत सुरू होते आणि मधेच कुणी तिला मागून ढकलल्यासारखी अडखळते. वाजवून झाल्यावर म्हातारा म्हणाला, "कॅबरे." बँडवाल्यांनी एकमेकांना कोपरं मारली. पण म्हाताऱ्याचे डोळे भरले होते म्हणून साडूनं गाइडला धरून बसवलं आणि सगळं खोदून विचारलं. म्हाताऱ्याचा आजा बर्लिनमध्ये एका तळघरात क्लॅरनेट वाजवायचा. लहान जागा, टेबलं, टेबलावर खाणंपिणं. पुढं गाणी, नकला, आणि मधे मधे तो तोंड रंगवलेला माणूस येऊन सरकारपासून टेबलावरच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांची टिंगल करायचा. नाचही असायचा, पण नाच म्हणजे ताटातलं लोणचं. लोक हसायचे, सरकारचे लोकसुद्धा येऊन हसायचे. मग एक सरकार असं आलं की त्याला हसू सोसेना. तळघरं बंद झाली. तोंड रंगवणाऱ्याला एक दिवस घरातून नेलं, तो परत आला नाही.

"टिंगल केली म्हणून नेला, साडभाऊ," साडू मला म्हणायचा. "चोरी न्हाई, मारामारी न्हाई. टिंगल."

मी म्हणलं, "हे तर आपल्या जलशासारखं झालं. आपल्याकडं काय कमी टिंगल होती का जलशात?"

"बराबर. पण जलशात माणसं खाली बसतात. कॅबरेत टेबल लागतं."

या टेबलानं आम्हाला फार तकलीफ दिली. साडूनं पंगतीत बसणं सोडलं. कुणाच्याही लग्नाला गेला की डोक्यावर घरचा टिपॉय घेऊन जायचा. सगळी पंगत मांडी घालून बसलेली आणि मधे हा टिपॉयसमोर, एखाद्या मामलेदारासारखा. वाढणारी पोरं त्याच्याजवळ आली की वाकायची सवय राहायची नाही आणि पुढच्या चार जणांच्या पानात वरण उंचावरून पडायचं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, गुडघे दुखतात का. साडू म्हणाला, "न्हाई. कॅबरे हाय." म्हाताऱ्याला वाटलं नवीन रोग आला. त्यानं सुनेला सांगून साडूच्या घरी काढा पाठवला.

दुसरं, तोंडाचा रंग. तो बायकोच्या डब्यातली पावडर पाण्यात कालवून तोंडाला फासायचा आणि बाळापूरच्या बाजाराला जायचा. कंडक्टरनं एकदा त्याला अर्ध्या रस्त्यात विचारलं, "काका, नाटक कुठंय आज?" साडूनं गाडीतल्या माणसांकडं हात करून सांगितलं, "हे काय, बसलंय की सगळं." तिसरं, ओळख करून देणं. तो तोंड रंगवणारा माणूस तिकडं तीन भाषांत स्वागत करायचा, असं गाइडनं सांगितलेलं. म्हणून हाही तीन भाषांत करायचा : मराठी, हिंदी, आणि तांड्यावरच्या बंजारा दोस्तांकडून शिकलेली गोरमाटी. आमच्या शेजाऱ्याची म्हैस अडली होती. गुरांचे डॉक्टर आले, बाह्या वर केल्या, तेवढ्यात हा पुढं झाला आणि तिन्ही भाषांत आधी डॉक्टरांची आणि मग म्हशीची ओळख करून दिली. म्हशीबद्दल चांगलं बोलला, डॉक्टरांबद्दल एवढं नाही. डॉक्टर हसत होते. रेडकू बाहेर येईपर्यंत हसत होते.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे पेवाची गोष्ट. कॅबरे तळघरातच व्हायला पाहिजे असा त्याचा हट्ट. आता आमच्या गावात तळघर कुणाच्या बापानं बांधलं? त्यानं फार विचार केला आणि त्याला पेव सापडलं. पेव म्हणजे जुन्या काळी जमिनीत खोदून ज्वारी साठवायचे तो खड्डा, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. एक पडीक पेव त्यानं साफ केलं आणि आवाज कसा घुमतो ते बघायला क्लॅरनेट घेऊन आत उतरला. आवाज फार छान घुमला. इतका की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका जमिनीतून गाणं येऊन राहिलं म्हणून घागरी टाकून पळाल्या. आणि याला वर येता येईना. मी दोर घेऊन गेलो, सोबत माझी बायको. ती पेवाच्या तोंडाशी बसली आणि खाली वाकून म्हणाली, "भाऊजी, खाली आलाच हाव तर पुरं वाजवून घ्या. मंग काढतो." त्यानं वाजवलं. ती ऐकत राहिली, मी दोर धरून उभा. आम्ही त्याला वर काढला तेव्हा तो ज्वारीच्या जुन्या धुळीनं असा माखला होता की पावडरीची गरज उरली नव्हती.

या सगळ्यात माझ्या मेहुणीचं काय झालं असेल? तिनं टिपॉय सोसला, पावडर सोसली. पण 'कॅबरे' हा शब्द तिला सोसवेना. तिच्या डोक्यात तो शब्द म्हणजे सिनेमातली पिसं लावलेली बाई, दारूचा ग्लास आणि व्हिलन. बचत गटात बायका तिला विचारायच्या, "काय गं, तुझा मालक म्हातारपणी नाचायला निघाला म्हणं?" ती घरी येऊन भाकरी अशी थापायची की शेजारी ऐकू जायचं. साडूला मात्र एकच गोष्ट पाहिजे होती. जन्मात एकदा खरा कॅबरे करायचा आणि समोरच्या टेबलावर ती बसलेली पाहिजे. "गाव बघंल न बघंल," तो म्हणायचा, "तिनं बघितलं पाहिजे. लग्नात वाजवायला मी रोज दुसऱ्यांच्या बायकांपुढं उभा राह्यलो. हिच्यापुढं कधीच न्हाई."

किती तरी दिवस समजूत घालून तिला त्यानं अर्धी राजी केली होती. ती म्हणाली, "दारू न्हाई ना?" म्हणाला, चहा. "बाई न्हाई ना?" म्हणाला, एकटा मी. "मंग बघते." हे 'बघते' ऐकून तो माझ्याकडं पळत आला होता, नवरदेवासारखा.

आणि मग फ्लेक्सवाल्यानं घात केला. साडूनं बाळापूरला बॅनर करायला टाकला. वर आपला फोटो आणि खाली 'कॅबरे', एवढंच लिहून दिलं. फ्लेक्सवाला कामाचा माणूस. त्याला वाटलं जागा रिकामी दिसते. त्यानं कॉम्प्युटरवर 'कॅबरे' टाकून जे चित्र आलं ते साडूच्या खांद्याला खांदा लावून छापलं. सकाळी बॅनर चौकात लागला तेव्हा साडू हसऱ्या तोंडानं उभा, आणि त्याला खेटून एक बाई. तिच्या अंगावर होतं ते सगळं मिळून एका उशीचा अभ्रा झाला नसता. वाढदिवसाच्या बॅनरवर जशी नावं असतात तशी फ्लेक्सवाल्यानं खाली आपल्या मनानं 'शुभेच्छुक : समस्त गावकरी' असंही टाकलं होतं.

मेहुणी बघून आली आणि चुलीपुढं बसली. भाकरी हळू थापायला लागली. ते जास्त वाईट. साडूनं बॅनर उतरवला, फाडला, पण तोवर बातमी पार साखरा गावापर्यंत गेली होती. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "साडभाऊ, ती येत न्हाई आता. बंद करतो सगळं."

मी म्हणलं, "त्या बर्लिनच्या तोंड रंगवणाऱ्याला बंद करायला सरकार यावं लागलं. तुला फ्लेक्सवाला पुरला व्हय?" मला वाईट वाटत होतं म्हणून मी टोचून बोललो. मला दुसरं बोलता येत नाही.

कार्यक्रम झाला. हळदीच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये, दिवेलागणीच्या वेळी. पिंपं उलटी घालून त्यावर चादरी टाकल्या, झाली टेबलं. प्रत्येक टेबलावर चिवड्याच्या बशा आणि चहा. गोडाऊन गच्च भरलं, आणि सगळे बाप्ये. बाई औषधाला नाही. इस्त्रीचे कपडे, दाढ्या केलेल्या, काही जणांनी सेंटसुद्धा मारलेलं. आपण सहज चक्कर मारायला आलो असं दाखवत सगळे पडद्याकडं बघून राहिले होते. पुढच्या टेबलावर साडूनं मला बसवलं. माझ्या शेजारची खुर्ची मेहुणीसाठी होती. ती रिकामीच राहिली. पलीकडं बसलेल्यानं मला बघून हसू गिळलं आणि हळूच विचारलं, "तब्येत कशी हाय आता?"

पडदा सरकला आणि पांढऱ्या तोंडाचा साडू एकटा बाहेर आला. तीन भाषांत स्वागत झालं. मग त्यानं आजच्या प्रमुख पाहुण्या म्हणून गावातल्या पाण्याच्या टाकीचं नाव पुकारलं. "उद्घाटन दोनदा झालं तरी बाई लाजून राहिली, पाणी काही दावत न्हाई. टाळ्या!" थोडं हसले. त्यानं ती औंढ्याची अडखळणारी चाल वाजवली. ती अडखळली तसा मागून कुणीतरी ओरडला, "ते राहू द्या! बाई कुठंय?"

"बाई पाहिजे?" साडू म्हणाला. "बराबर हाय. बाईशिवाय कसला कॅबरे? पण आज ज्याची त्याची बाई ज्यानं त्यानं आणायची. चला, नाव घ्या! यमक जुळलं तर चिवडा, न्हाई जुळलं तर बशी जप्त!"

आणि माइक घेऊन तो टेबलांत घुसला. आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. माइक लावणारा माणूस बँडमधला जुना. लग्नात एक भोंगा गावाच्या तोंडाला बांधायचा ही त्याची हाताची सवय. इथंही त्यानं छपरावर चढून भोंगा बांधला होता. साडूला ते माहीत होतं का नाही, मी अजून विचारलं नाही. पण आतल्या प्रत्येक बाप्याचा आवाज सगळ्या आळ्यांत, चुलीपर्यंत जाऊन राहिला होता. पहिला सापडला ट्रॅक्टरवाला. घाम पुसत म्हणाला :

"हळद शिजताना उठते पांढरी वाफ, रुक्मिणीचं नाव घेतो, आज आलो ते कर माफ!"

गोडाऊन कोसळलं हसून. दुसरा म्हणाला, "बशीत चिवडा, चिवड्यात शेंगदाणा, सुमन म्हणते लई झालं, घराकडं या ना!" तेवढ्यात बाहेरून खरंच एका बाईचा आवाज आला, "न्हाई म्हणत! बसा तिथंच!" बघतो तर दारात बायका जमल्या होत्या, कुणाच्या हातात लाटणं तसंच. एकाला यमक सुचेना, त्याची बशी जप्त झाली. एक जण बायकोच्या नावावरच गडबडला, त्याची बशी बायकोनं स्वतः येऊन जप्त केली. बायका आत शिरल्या, टेबलांशी बसल्या, चिवडा खायला लागल्या. दारात मेहुणी तेवढी नव्हती.

मग साडू मधे उभा राहिला आणि स्वतःचं नाव घेतलं. "क्लॅरनेटला लागते फुंक, भाकरीला लागतो तवा, गंगासागर समोर न्हाई तर कशाला कॅबरे हवा?" आणि दाराकडं बघत थांबला. सगळेच बघत थांबले. कुणी आलं नाही. त्याचा माइक धरलेला हात थोडा खाली आला. हळदीच्या धुळीनं त्याचं पांढरं तोंड तोवर पिवळं झालं होतं.

तो वळला तो माझ्या टेबलाकडं. आमच्याकडं ज्याची बायको गेली त्याला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. लग्नात त्याला मागं बसवतात. एक म्हातारा म्हणाला, "त्यांना सोड रे." साडूनं ऐकलं नाही. माइक माझ्या तोंडापुढं धरला. मी त्याच्या डोळ्यात बघितलं. त्यात कीव नव्हती. ट्रॅक्टरवाल्याकडं बघितलं होतं तसंच बघून राहिला होता.

मला यमक येत नाही. आणि मी तिला जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "अगं", "ऐकलं का", यावर सगळा संसार झाला. मी माइकात म्हणलं, "धुरपता." भोंग्यातून ते बाहेर गेलं आणि मला बाहेरून ऐकू आलं. मग म्हणलं, "मी धुरपताचा नवरा हाय." एवढंच.

साडूनं माइक आपल्या तोंडाला लावला आणि म्हणाला, "यमक जुळलं न्हाई. बशी जप्त!" आणि माझ्यापुढची बशी खरंच उचलली.

मी हसलो. मला माहीत नव्हतं मी हसेन ते. माझ्यामागं सगळं गोडाऊन हसायला लागलं, वर्षभर गिळलेलं सगळं एकदम. आणि त्या हसण्यातून वाट काढत, पिठाचे हात तसेच, मेहुणी आली. डोळे लाल. सरळ साडूसमोर उभी राहिली.

"माझ्या बहिणीचं नाव घेतलं त्यांनी, आन् तुमी बशी काढून घेता? द्या ती इकडं!" बशी त्याच्या हातातून ओढली, माझ्यापुढं आपटली, आणि रागानंच शेजारच्या खुर्चीवर बसली. "खा दाजी. कोण जप्त करतो ते बघते मी."

साडू तिच्याकडं बघतच राहिला.

"काय बघून राहिलात?" ती म्हणाली. "वाजवा की."

त्यानं वाजवलं. आधी दोन वेळा नुसती हवाच गेली. मग ती औंढ्याची चाल आली. मेहुणी एका हातानं डोळे पुसत, एका हातानं माझ्या बशीतला चिवडा खात शेवटपर्यंत ऐकत होती. शेंगदाणे वेचून माझ्याकडं सारत होती. तिच्या बहिणीलाही शेंगदाणे आवडत नव्हते.

घरी परतताना आम्ही तिघं चालत होतो. साडूचं तोंड तसंच पिवळं, क्लॅरनेट काखेत. मग मेहुणीनं विचारलं, "अवो, त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा आजा रोज तळघरात वाजवायचा. त्याची बायको यायची का कधी ऐकायला?"

साडू रस्त्यातच थांबला. इतकं खोदून विचारलं होतं त्यानं. टेबलं कसली, दिवे कसले, तोंडाला रंग कशाचा. "हे इचारायचंच राह्यलं," तो म्हणाला.

आता कुणाला विचारणार? तो गोरा म्हातारा कुठल्या गावचा हेही आम्हाला ठाऊक नाही. मी म्हणलं, आली असंल. मेहुणी म्हणाली, कशाची येते, चूल कुणी बघायची. मग तिघंही आपापल्या मनात त्या बाईला तळघराच्या पायऱ्या उतरवत, टेबलाशी बसवत चालत राहिलो. तिला हाक मारावी म्हणलं, तर नाव काय असेल, तेही कुणाला माहीत नव्हतं.